सुनांनी रचलेला गडगा

दत्तात्रेय दिघे याने जूनमध्ये घोसावलीच्या डोंगरावर चाळीस खुंट्या ठोकल्या होत्या. नोव्हेंबरात तो मोजमाप घ्यायला गेला, तेव्हा डोंगर वाढलेला होता.

प्रत्येक खुंटीवर तांबड्या रंगाची एक रेघ होती, आणि रेघेपर्यंत खुंटी जमिनीत होती. पावसाळ्यात माती वाहून जाणार, रेघेखालचे लाकूड उघडे पडणार, ते पट्टीने मोजायचे, की कोकणच्या डोंगराची साली किती माती समुद्रात जाते हे आकड्यात सांगता येते. जगभर असेच करतात आणि जगभर खुंट्या उघड्या पडतात. घोसावलीत मात्र चाळीसच्या चाळीस रेघा मातीखाली गेल्या होत्या. शिवाय प्रत्येक खुंटीभोवतीची माती शेणाने सारवून गुळगुळीत केलेली होती. काही ठिकाणी चार बोटांची नक्षीही काढली होती.

दिघे चौतीस वर्षांचा होता, माती वाचवण्याच्या सरकारी खात्यात सहा वर्षे होता आणि अजून कायम झालेला नव्हता. पुण्याच्या शेतकी कॉलेजातून बाहेर पडताना पदवीबरोबर प्रत्येकाला एक मत मिळते, तसे त्यालाही मिळाले होते. ते असे, की कोकणचे डोंगर गेल्या पन्नास-साठ वर्षांत बोडके झाले आणि ते अडाणी शेतकऱ्याने केले. हा माणूस उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या तोडतो, शेताच्या एका तुकड्यावर पसरून पेटवतो, त्याला राब म्हणतो, आणि भाजलेल्या जागेत भाताचे रोप टाकतो. झाडे गेली, मुळे सुटली, वरून सव्वाशे इंच पाऊस. संपले. या विषयावर त्याने चाळीस पानांचा प्रबंध लिहायला घेतला होता. त्यातली एकोणचाळीस पाने शेतकऱ्यावर होती आणि एक पावसावर. खुंट्यांचे आकडे हातात आले की प्रबंध पुरा होणार होता.

"सदू," त्याने हाक मारली, "या खुंट्यांना कोणी हात लावला?"

सदू हा साठीचा माणूस. गावात चौदा घरे, आणि चौदा घरांच्या वतीने बोलायचे काम त्याच्याकडे.

"खुंट्यांना कोन हात लावंल, साहेब? सरकारी हायत त्या."

"मग ही माती कुठून आली?"

सदूचा चेहरा खुलला. इतका वेळ तो याच प्रश्नाची वाट पाहत होता. "झ्याक झालंय का न्हाय? बायकांनी केलं समदं. तुमीच म्हनला व्हता ना जूनमधी, डोंगराची माती गेली की माझं काळीज तुटतं? आमी म्हनलं, साहेब दिवाळीनंतर येनार, खुंट्या उघड्या बघनार, घरापासनं लांब असलेला मानूस, उगा जिवाला लावून घ्यायचा. म्हनून भरून काढली."

"चाळीसही?"

"येकेकीला दोन-दोन पाट्या. चंद्राबाईनं मोजून टाकल्या. दुजाभाव केला न्हाय कुठं."

दिघे एका दगडावर बसला. पाच महिन्यांचे संशोधन सौजन्याने बुडाल्यास ते कोणत्या रकान्यात भरावे, याची सूचना खात्याच्या छापील फॉर्मात नव्हती.

तेवढ्यात चंद्राबाईच डोक्यावर गवताचा भारा घेऊन उतारावरून आली. ही सदूची थोरली भावजय. वय पासष्टीचे, चालणे पंचविशीचे. तिने भारा खाली टाकला आणि साहेबाच्या तोंडाकडे पाहिले.

"आवडलं न्हाय वाटतं साहेबांना."

"वयनी, साहेब इचारतायत माती कुठनं आनली."

"कोंडीतनं आनली. आनि ती काय परकी हाय? डोंगराचीच हाय. वरनं आली, आमी खाली धरली, साहेबांसाठी परत वर नेऊन ठेवली. पुढच्या पावसात यील पुन्ना खाली."

"खाली धरली म्हणजे?" दिघे म्हणाला.

"म्हंजे धरली. चला, दावते."

पन्नास पावले खाली उतरल्यावर दिघ्याला कळले की आपण या जागेबद्दल सरकारला लिहून चुकलो आहोत.

जूनच्या त्याच फेरीत त्याने वर एक शिफारस पाठवली होती. डोंगराच्या उतारावर खात्यातर्फे दगडी ताली, म्हणजे माती अडवणारे आडवे बांध, घालायच्या होत्या आणि त्यांना दगड हवे होते. ओहोळात एक जुनी, झाडीत बुडालेली दगडांची रास त्याला दिसली होती. मुसळधार पावसात, छत्रीखालून, दोनशे पावलांवरून. तिच्यापुढे त्याने 'पडीक व निरुपयोगी, दगड ताब्यात घेता येतील' असे लिहिले. अक्षर चांगले होते. मंजुरी पंधरा दिवसांत आली. मार्चमध्ये मोठे साहेब जागा पाहणार आणि एप्रिलात दगड उपटायचे, असे ठरले होते.

ती रास म्हणजे हा गडगा. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते दगडावर दगड. ओहोळाच्या या काठापासून त्या काठापर्यंत साठ हात लांब. खालच्या अंगाने पाहिले तर दोन पुरुष उंच, वरच्या अंगाने जेमतेम गुडघाभर. कारण वरच्या अंगाला माती भरत भरत गडग्याच्या माथ्यापर्यंत आली होती. त्या मातीवर ताटासारखे सपाट भातशेत पसरले होते. पाणी दगडांच्या फटींतून वाट काढत जायचे आणि माती अलीकडेच बसायची. ओहोळ कोंडून केलेले शेत म्हणून त्याचे नाव कोंडी. चंद्राबाईच्या घरचे वर्षाचे भात या एका शेतात पिकत होते. दिघ्याने ऑफिसात असा बांध तीनदा कागदावर आखला होता आणि तीनही वेळा तो कागदावर फुटला होता.

"कोणी बांधला हा?" त्याने विचारले.

"सुनांनी," चंद्राबाई म्हणाली.

तिने सांगितले ते असे. घोसावलीत सून आली, की लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रात तिने डोंगरावर जायचे, आपल्याला पेलेल तेवढा दगड डोक्यावर घेऊन यायचे आणि गडग्यावर आपल्या हाताने बसवायचा. दगड हलला तर पुन्हा बसवायचा. न हलणारा दगड बसेपर्यंत सासूने तिला जेवायला हाक मारायची नाही. पुरुषांनी मधल्या पोकळीत बारीक दगड भरायचे. ते मोजायचे नसतात.

"ह्यो माजा," तिने पायाने एक दगड दाखवला. तो चांगला पाटाएवढा होता. "ह्यो सखुबाईचा. ती लय ताकदीची व्हती, तिचा बगा, जात्याएवढा. आनि त्यो कोपऱ्यातला आमच्या मैनाचा. गेल्या सालचा. वाटान्याएवढा दिसतो, पन बगा नीट, हाय तितं."

मैना, म्हणजे चंद्राबाईची धाकटी सून, बांधावर पेंढा गोळा करत होती. ती मान वर न करता म्हणाली, "माजा ल्हान हाय, पन मी येकलीनं आनला. आत्याबाईंच्या दगडाला मागनं मामंजींनी हात लावल्याला, आसं सगुणाकाकी सांगत व्हत्या."

"सगुणीला काय ठावं! तिचा दगड दोन सालांत ढासळला!"

दिघे हसला नाही. आपल्या शिफारशीतला 'निरुपयोगी' हा शब्द त्याच्या डोळ्यांपुढे आपल्याच सुंदर अक्षरात उभा होता. सांगायला तर हवे होते.

"चंद्राबाई, हा गडगा एप्रिलात काढायचा हुकूम झाला आहे. वरच्या ताली बांधायला दगड हवेत."

मैनाने पेंढा खाली ठेवला.

"गडगा काडला तर कोंडी खाडीत जाईल," चंद्राबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "येका पावसात."

"होय."

"कुनी सांगितलं सरकारला, का ह्यो काई कामाचा न्हाय?"

दिघे बुटांकडे पाहू लागला. सदू वर्षानुवर्षे गावाच्या वतीने बोलत आला होता. त्याने मधला मार्ग काढला. "कुनीतरी बगितल्याबिगर लिवलं आसंल, वयनी. सरकारात आसत्यात आशी मानसं."

"असतात," दिघे म्हणाला.

मग त्याने कबुली दिली. चंद्राबाईने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. एखाद्या दगडाकडे, हा नीट बसेल की नाही, अशा नजरेने पाहावे तसे.

"लिवलेलं पुसता येतं का?"

"पुसता येत नाही. त्यावर दुसरे लिहावे लागते. आणि दुसरे लिहायला पुरावा लागतो, की हा गडगा किती माती धरतो. त्यासाठी याच्या बुडापर्यंत खणून पाहावे लागेल. तुमच्या शेतात."

"खना," ती म्हणाली. "मैना भारे नेईल उद्या, जागा मोकळी व्हईल. पन पावसाच्या आत बुजवून द्यायचं. कबूल?"

"कबूल."

जानेवारीत खणायला सुरुवात झाली. खड्ड्यात सदू आणि दिघे, वर पाट्या ओढायला चंद्राबाई आणि मैना. खड्डा गडग्याला लागूनच, आठ फूट लांब आणि पाच फूट रुंद. प्रत्येक थराची माती वेगळ्या ढिगात टाकायची, असे दिघ्याने बजावले होते. पहिल्या दिवशी तो पट्टी, वही आणि टोपी घेऊन उतरला. तिसऱ्या दिवशी टोपी गेली. आठवड्याने त्याच्या हाताला घट्टे पडले आणि सदू त्याला 'अवं साहेब'ऐवजी 'अवं' म्हणू लागला.

हातभर खाली काचेच्या बांगडीचा हिरवा तुकडा सापडला.

"दगड बसवताना फुटली आसंल," चंद्राबाई म्हणाली. "माज्या बी दोन फुटल्या व्हत्या."

मग कळले की तुकडे जागोजाग आहेत. वरच्या तीन ओळींपाशी हिरवी आणि निळी काच, त्याखाली जाड, काळपट काच, आणि पाच फुटांखाली काच संपून पांढऱ्या शंखाच्या बांगड्या सुरू झाल्या. दिघे प्रत्येक तुकडा काड्यापेटीत घालून वर खोली लिहू लागला. कुठल्या बाईने कुठला दगड बसवला हे कोणत्याही दप्तरात नव्हते. पण ती बाई इथे वाकली होती, दगड हलला होता, तिने तो पुन्हा बसवला होता आणि बांगडी फुटली होती. भुकेलीही असणार.

गडगा खाली जातच होता. दिघ्याने दगडांच्या ओळी मोजल्या. एका ओळीत सुमारे नव्वद दगड. चौदा घरांत साली एखाद-दुसरी सून येते, म्हणजे एक ओळ भरायला साठ वर्षे लागत असावीत. पाचव्या ओळीला तो शिवकालात पोचला आणि सहज म्हणून अजून खणत राहिला. बाराव्या ओळीला त्याने हिशेब पुन्हा करून पाहिला. पंधराव्या ओळीपासून त्याने हिशेब करणे सोडले आणि नुसते पाहू लागला.

पाहण्यासारखे खूप होते. खड्ड्याची भिंत पट्ट्यापट्ट्यांची होती. कोळशाची भुकटी प्रत्येक थरात होती. म्हणजे राब प्रत्येक पिढीने भाजला होता, चांगल्या काळात आणि वाईट काळात, बिनचूक. दिघ्याच्या प्रबंधाप्रमाणे त्यामुळे माती प्रत्येक थरात सारखीच यायला हवी होती. ती तशी आलेली नव्हती. सहा ते आठ फुटांच्या मध्ये नखाएवढे पातळ, फिकट थर एकावर एक बसले होते, आणि त्यात उभ्या भेगा वाळूने भरलेल्या होत्या. तिथे अनेक वर्षे पाऊस पडायचा तेवढा पडलाच नव्हता. शेताला भेगा गेल्या, डोंगरावरून येणारे पाणी नुसती धूळ आणून निघून गेले. त्यावर एकाएकी दीड फूट जाडीचे खडे आणि वाळू. इथे पाऊस परत आला होता आणि रागात आला होता. त्या ठिकाणी गडगा एकदा फुटलेलाही दिसत होता. दगड खाली कोसळले होते आणि त्यांच्यावर नवी ओळ रचलेली होती. आधीच्या ओळींपेक्षा मोठ्या दगडांची.

"ह्या सुना रागावल्या व्हत्या," मैना वरून वाकून म्हणाली.

दिघ्याने वहीत 'पुरानंतरची पुनर्बांधणी' असे लिहिले. मग ते खोडून मैनाचे वाक्य लिहिले.

बारा फुटांवर गडग्याचे बूड लागले. सदूने कुदळ टाकली आणि भिंतीला पाठ टेकून बसला. दिघ्याने मात्र आणखी तीन फूट खणले. कारण गडग्याच्या पहिल्या ओळीखालीही माती होती, आणि ती त्याला गोष्ट सांगत होती. अगदी तळाला मुरूम. त्यावर वीतभर काळीभोर, पानांच्या कुजीची माती, तीत कोळशाचा कणही नाही. तेव्हा वर डोंगरावर रान होते आणि माती दाण्या-दाण्याने खाली येत होती. त्यावर दोन बोटे जाडीचा नुसता कोळसा आणि भाजलेल्या मडक्याच्या खापऱ्या. कोणीतरी रान तोडून पेटवले होते. आणि लगेच त्यावर अडीच फूट लाल माती, मुठीएवढ्या दगडांसकट. डोंगर खाली आला होता. पावसाने आणला होता. पण दार माणसाने उघडून दिले होते.

गडग्याची पहिली ओळ त्या लाल मातीतच बसवलेली होती. तिच्या खाली नव्हे, तिच्या वर नव्हे. एक फूट लाल माती खाली आणि दीड फूट वर. म्हणजे डोंगर कोसळत असतानाच कोणीतरी समोर उभे राहून पहिला दगड ठेवला होता.

दिघे खड्ड्याच्या तळाशी उभा होता. भोवती पंधरा फूट माती होती. डोंगर बोडका झाला तो पन्नास-साठ वर्षांपूर्वी नव्हे, तर हजार-दीड हजार वर्षांपूर्वी. दहा पिढ्या इकडे की तिकडे हे सांगायला तो धजला नसता. ज्यांनी तो बोडका केला त्यांच्याच घरातल्या बायकांनी तो अडवायला सुरुवात केली असावी. कदाचित त्याच साली. चूक केल्यावर अहवाल न लिहिता दगड उचलायला गेलेली माणसे त्याने आजवर फार पाहिली नव्हती.

"काय झालं, साहेब?" वरून चंद्राबाई म्हणाली. "रडताय काय?"

"नाही. धूळ."

"सदू, साहेबांना पानी दे. धूळ लय गेलीया डोळ्यात."

त्या महिन्यात त्याने प्रबंध पहिल्यापासून लिहिला. या वेळी निम्मी पाने पावसावर होती, निम्मी माणसावर. आणि दोघांपैकी कोणा एकावर गुन्हा ठेवता येत नव्हता, ही त्यातली सर्वांत चांगली गोष्ट होती. आपण लिहिलेले पहिल्यांदाच खरे आहे असे त्याला वाटले. पुण्याला तो छापून येईल असेही वाटले. आणि नोकरी कायम होईल असेही वाटले, कारण माणूस एक गोष्ट वाटून थांबत नाही.

मोठे साहेब मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आले. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने धरमतरला, तिथून जीपने, शेवटचे दोन मैल पायी. परतीची लाँच चारची होती आणि ते घड्याळ मनगटावर नव्हे तर तोंडावरच घेऊन आले होते. पण साहेब मूर्ख नव्हते. मूर्ख असते तर सगळे सोपे झाले असते. दिघ्याने शिडी दाखवताच ते कॅनव्हासच्या बुटांनी खाली उतरले आणि वीस मिनिटे वर आले नाहीत. थरांवरून बोट फिरवले, कोळसा हातावर चोळला, गडग्याच्या पहिल्या दगडावर तळहात ठेवून उभे राहिले. वर आले तेव्हा पांढऱ्या विजारीचे गुडघे लाल झाले होते.

"किती ब्रास माती धरली असेल याने?"

"साडेनऊशे, साहेब. कमीत कमी."

"आणि आपल्या खात्याने या तालुक्यात, पाच वर्षांत?"

"सहाशे चाळीस."

साहेबांनी गडग्याकडे पाहिले, मग डोंगराकडे, मग घड्याळाकडे.

"दिघे, असे काही मी आयुष्यात पाहिले नाही. आता ऐका. हा गडगा निरुपयोगी आहे असे तुम्ही लिहिलेत आणि मी सही केली. तो उपयोगी आहे असे आता लिहिले, तर सही कशी केली हे मला विचारतील. आणि साडेनऊशेचा आकडा वर गेला तर इंजिनियर कशाला ठेवलेत, हेही विचारतील."

"मग काय करायचे, साहेब?"

"दोन मार्ग आहेत. एक, हुकमाप्रमाणे गडगा काढायचा. काढताना पूर्ण छेद उघडा पडेल, या काठापासून त्या काठापर्यंत. फोटो काढा, लेख लिहा. माझ्या पत्रासह मी स्वतः पुण्याला पाठवतो. असा छेद हिंदुस्थानात कोणी मांडलेला नसेल. नाव होईल, आणि मे महिन्यात तुम्ही कायम व्हाल. हे मी गंमत म्हणून सांगत नाही."

"आणि दुसरा?"

"जूनच्या पाहणीत चूक झाली, इथे दगड नाहीतच, असे लिहून द्या. ताली रद्द. मग गडगाही नाही, कोंडीही नाही, खड्डाही नाही. अर्थात लेखही नाही; नसलेल्या खड्ड्यात थर कुठून येणार? पण जे कागदावर नाही ते काढायला कोणी येत नाही. माझ्या मागून येणारा साहेबही नाही."

दिघ्याच्या पिशवीत प्रबंध होता. चाळीस पाने, स्वच्छ अक्षरात. तो साहेबांना दाखवायला आणला होता. त्याला त्या पानांतली काही वाक्ये पाठ होती. खाली खड्ड्यात उन्हाचा पट्टा फिकट थरांवर पडला होता, जिथे पाऊस रुसला होता तिथे. गडगा काढला तर असे साठ हात दिसले असते. एकदा. मग ओहोळ आला असता.

चंद्राबाई गडग्यावर बसून होती, स्वतःच्या दगडावर. तिला साहेबी मराठी अर्धी कळत होती, आणि अर्धी पुरेशी होती.

"कागद द्या," दिघे म्हणाला.

सपाट जागा दुसरी नव्हती, म्हणून त्याने सखुबाईच्या दगडावर कागद ठेवून लिहिले: 'जूनमधील पाहणी मुसळधार पावसात झाल्याने माझ्याकडून चूक झाली. सदर ठिकाणी दगड आढळून आले नाहीत.' खाली सही केली. मोठ्या साहेबांनी ती वाचली, घडी केली, खिशात ठेवली. जाताना ते गडग्यावरून न जाता वळसा घालून गेले. त्यावर पाय पडू नये, एवढे त्यांना कळत होते.

"काय म्हनले वो?" चंद्राबाईने विचारले.

"तुमचा गडगा नाही, म्हणाले."

"न्हाय म्हंजे?"

"म्हणजे राहणार."

"मग तसं सरळ म्हनायचं!" सदू म्हणाला. "इतकी लांब लाँचमधनं आला मानूस, आनि आसलेलं न्हाय म्हनून गेला."

"जाऊ दे," चंद्राबाई म्हणाली. "सातबाऱ्यावर तरी आमची नावं कुठं हायत? तरी भात पिकतंच की." मग ती उठली, खड्ड्याच्या काठाशी गेली आणि आत वाकून पाहिले. "उद्या बुजवायला घ्यायचं. कबूल केलंय तुमी."

बुजवायला पाच दिवस लागले. माती जशी निघाली त्याच क्रमाने परत जायला हवी, असे चंद्राबाईने पहिल्याच पाटीला बजावले. तळाचा मुरूम वर आला तर भात उगवणार नव्हते. अकरा ढीग होते, आणि कुठला कुठे हे दिघ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हते. तो खड्ड्यात उभा राहून एकेका ढिगाला बोलावत होता. मुरूम. काळी. कोळसा, तो सांभाळून. आता लाल, सगळी. प्रत्येक थर पायाने दाबला की तो काड्यापेटी उघडायचा, वरची खोली वाचायचा आणि तुकडा होता तिथे, गडग्याला लावून ठेवायचा. शंखाची बांगडी. पुन्हा शंखाची. मग काळी काच. मैना वरून पाटी ओतायच्या आधी थांबायची. कोणी तिला सांगितले नव्हते.

पाचव्या दिवशी दुपारी खड्डा भरला आणि दोन पाट्या सोडल्या तर शेवटचा अख्खा ढीग शिल्लक राहिला.

"परत मावली न्हाय," सदू म्हणाला. "आनली तेवडीच व्हती की."

"माती एकदा उकरली की फुगते," दिघे म्हणाला. हे तरी त्याला पुस्तकातून येत होते. "ही वर टाकली की उंचवटा राहणार. तिथे पाणी ठरणार नाही, चंद्राबाई. तीन पावसाळे तरी तेवढ्या जागेत भात यायचे नाही. माझ्यामुळे."

उरलेला ढीग वर ओतून झाल्यावर चंद्राबाईने उंचवट्याला एक फेरी घातली. डोळ्यांनी जागा मोजली.

"तूर लावीन," ती म्हणाली. "तुरीला उंचच लागतं. तीन सालं तुरीची डाळ खाऊ, काय बिघडत न्हाय. पन सैल ठिवू नका. चढा वर."

"मी?"

"तुमीच खनलंय ना? नाचा."

दिघ्याने इकडे-तिकडे पाहिले. मग बूट काढले, उंचवट्यावर चढला आणि दोन्ही पायांनी तुडवू लागला; आधी जपून, ऑफिसात चालावे तसा, मग जोराने. माती त्याच्या टाचांखाली थोडी थोडी बसत होती.

"त्या कोपऱ्यात ऱ्हायलं," चंद्राबाई म्हणाली. "तितं बी."